कॉलरच्या आतली खूण

मार्गशीर्षातली सकाळ. धुक्याचं धूसर-धवल वस्त्र कृष्णेच्या अंगावरून अलगद सरकत होतं, आणि काठावर, दगडादगडावर, दोरीदोरीवर, साऱ्या गावाची वस्त्रं वाळत होती. निळी, पिवळी, जांभळी, करडी. वाऱ्यानं फुगणारी, उन्हानं उजळणारी. त्या रंगांच्या रांगेत चिंतामण परटाचं स्वतःचं मात्र एकही नव्हतं.

तेहतीस वर्षांचा हा दणकट, दीर्घबाहू, सावळा गडी. गावाचं सगळं धुवायचा, निळीतून काढायचा, खळ द्यायचा, धार लागेल अशी इस्त्री फिरवायचा; आणि स्वतः? स्वतः विरलेल्या कॉलरचा सदरा घालून हिंडायचा! लग्नासाठी मुलगी बघायला गेला त्या दोन ठिकाणी नकार आला होता. दुसऱ्या ठिकाणी तर मुलीच्या मावशीनं तोंडावरच ऐकवलं, "गावाला उजळ करतोय, आन् सोता बघा कसा आलाय." ते वाक्य त्याच्या काळजात रुतून बसलं.

म्हणून तिसऱ्या खेपेला त्यानं करू नये ते केलं.

पाटबंधारे खात्यातल्या साहेबांचा एक सदरा धुऊन, इस्त्री होऊन पडला होता. फिकट आभाळी, मऊमुलायम, मोतिया गुंड्यांचा. सोमवारी पोचवायचा होता, आणि आज रविवार. चिंतामणनं तो अंगात चढवला. खिडकीतल्या हातभर आरशात आधी खांदा पाहिला, मग छाती पाहिली, मग बाही पाहिली. अहो, काय सांगावं, राजबिंडा दिसत होता! गळा तेवढा जरा सैल होता, कारण साहेबांची मान जाड. आईनं सदऱ्याकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं, सगळं ओळखलं. "काय सांडू नगंस त्याच्यावर," एवढंच ती म्हणाली.

मुलगी बघायला निघाले; नदीवरचा पूल ओलांडताना त्याचा मामा पुढं, चिंतामण मागं. पाण्यावर सोनेरी-रुपेरी लहरी, लहरींवर कोवळं ऊन, आणि उन्हात त्या आभाळी सदऱ्याची झळझळ. त्यानं सहज मानेवरून हात फिरवला. आणि तिथंच त्याचे पाय थिजले.

खूण!

कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून परीट कॉलरच्या आत, मानेपाशी, बिब्ब्याच्या काळ्या रसानं गिऱ्हाइकाची खूण घालतो. साहेबांची खूण दोन ठिपके आणि एक रेघ. चिंतामणनंच ती घातली होती, स्वतःच्या हातानं, आणि बिब्ब्याची खूण कितीही धुतली तरी जात नाही. परीट स्वतःच्या कपड्याला मात्र कधी खूण घालत नाही. दुसऱ्या कुणाच्या घरी ते ठिपके कुणाच्या ध्यानातही आले नसते. पण हा निघाला होता परटाच्याच घरी, परटाचीच लेक बघायला. तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं, की पाहुणा उसन्या सदऱ्यात आलाय.

परत फिरावं? मामा तर हाक मारत होता. पुढं जावं? तो पुढं निघाला. वाकायचं नाही, त्यानं मनाशी ठरवलं. काही झालं तरी मान वाकवायची नाही.

आणि मग त्या घरी जे झालं ते बघण्यासारखं होतं. चिंतामण आला तो ताठ. बसला तो ताठ. चहाचा कप तोंडाकडे आणला, तोंड कपाकडे नेलं नाही. चुलतसासू व्हायची त्या बाईंच्या पाया पडायची वेळ आली, तेव्हा गुडघ्यात दुमडून तो लिफ्टसारखा सरळ खाली गेला आणि सरळ वर आला. घाम कपाळावर, घाम काखेत, घाम साहेबांच्या सदऱ्यात. दाराआड बायकांची कुजबूज सुरू झाली.

मुलीचे वडील अण्णा खाकरले. "पाव्हणं, राग मानू नगा. पाठीचं काय दुखणं हाय का?"

संपलं! परटाच्या घरात मुलाचं रूप नंतर बघतात, पाठ आधी. दिवसभर नदीत ओणवं उभं राहून ओल्या पिळ्यांचं ओझं दगडावर आपटायचं, ते पाठीच्याच जोरावर. वाकला नाही तर रोगी, वाकला तर खोटा. दोन्हीकडून तिसरा नकार. घराच्या चौकटीत अण्णांची लेक सगुणा उभी होती, पोह्यांचं ताट धरून. काळीभोर, शांत, रुंद कपाळाची. तिच्याकडे त्यानं एकदाच पाहिलं, आणि हिनं नको म्हणू नये, एवढंच त्याच्या मनात आलं. खोटा ठरलो तर ठरलो, पण नसलेल्या दुखण्यापायी तिला गमावणं त्याला जमेना.

तो उठला आणि अण्णांच्या पायाशी कमरेतून पुरता वाकला. सैल कॉलर मानेपासून सुटली. मागं सगुणा उभी होती.

"पाठ झ्याक हाय की!" अण्णा हसले. सगुणा हसली नाही.

पोहे झाले. "पाव्हण्यास्नी हात धुवायला पाणी दे," अण्णांनी सांगितलं. परसात रांजणापाशी, शेवग्याच्या विरळ सावलीत, ती तांब्या घेऊन उभी राहिली. पाण्याची पातळ, पारदर्शक धार त्याच्या हातांवर पडू लागली.

"कुणाचा हाय?" तिनं हळूच विचारलं.

"साहेबांचा." खोटं बोलायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. "माझ्या सदऱ्यांच्या कॉलरी विरल्यात. म्हटलं, तुमी तरी नगं म्हणू नये."

धार थांबली. त्याला वाटलं, आता ही आत जाईल, बापाच्या कानाला लागेल, आणि मामाची मान शरमेनं खाली जाईल. त्यानं डोळे मिटून घेतले.

"त्यो साहेब मला नगं," सगुणा म्हणाली. "म्होरल्या आयतवारी तुमच्या सदऱ्यात या. विरलेला असू द्या. कॉलर उलटून शिवायला मला येतंय."

चिंतामणनं ओले हात सदऱ्याला पुसायला नेले आणि मधेच थांबवले.

"आता ती खूण अशी उघडी ठेवून अण्णांसमोरनं जाऊ नगा," ती म्हणाली. तिनं तांब्या खाली ठेवला, आत कुणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि त्याच्या मागं येऊन ती कॉलर मानेशी नीट, घट्ट बसवली. पहाटेपासून पाण्यात असलेली तिची बोटं. गार, ओली, सुरकुतलेली, थेट त्याच्या बोटांसारखी. क्षणभर ती मानेवर टेकली, आणि गेली.

परतीच्या वाटेवर मामा अखंड बोलत होता, चिंतामणला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ऊन चढलं, धुकं विरलं, काठावरचे सगळे कपडे खडखडीत वाळले; त्याच्या मानेवरची ती चार बोटांची ओल मात्र वाळली नाही.