माझ्या पाठीवर उदाराम

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे, आणि माझ्या तोंडापेक्षा माझी पाठच नशीबवान निघाली!

माझा जन्म दवनीवाडा गावचा. जाड मांजरपाट जोडून मला शिवलं आणि पेंटरने माझ्या पुढच्या अंगावर राजवाडा काढला. खांब, कारंजं, दोन मोर. एक मोर जरा कोंबड्यासारखा झाला, पण लांबून कोणाला कळतं! पाठ मात्र कोरीच राहिली.

दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की गावोगाव नाटकं व्हायची. मी मागे टांगलेला आणि माझ्यापुढे उदाराम, लोकांना पोट धरून हसायला लावणारे नट. आधी ते मला कपाळ टेकवायचे, मग लोकांकडे वळायचे. नाटक चालू असताना तीस वर्षं मी त्यांची फक्त पाठ पाहिली. असा काय चेहरा करतात की सगळा मांडव हसतो, हे मला कधी कळलंच नाही.

माझ्या आड प्रॉम्प्टर केशोराव बसायचे. नट अडकला की हळूच पुढचं वाक्य द्यायचे. उदारामनी उजवा कान तिरपा केला की वाक्य हजर!

मग केशोराव वारले. पुढच्याच नाटकात उदाराम अडकले. त्यांनी कान तिरपा केला. माझ्या आडून काहीच आलं नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्या दिवशी ते स्टेजवरून उतरले, ते पुन्हा चढलेच नाहीत. मीही त्यांच्या घरी धानाच्या पोत्यांवर पांघरूण होऊन पडलो. उंदरांनी माझ्या पाठीचा एक घास घेतला.

आणि मग आली दुर्गेश्वरी! उदारामची नात, दहावीतली. तिने मोबाईलवर सात मिनिटांचा विनोदी लघुपट काढायचं ठरवलं. गोष्ट एवढीशी: गाय व्याली, हे म्हातारा दूरच्या लेकीला व्हिडिओ काढून कळवतो. म्हातारा अर्थात उदाराम. मी पोत्यांवरून सगळं ऐकत होतो.

"आबाजी, मोबाईलात पाहा ना! तिकडे काय पाहून राहिले?"

"तिकडून सांगते ना कोणी…" असं म्हणत ते उजवा कान तिरपा करायचे.

शिवाय शेवटच्या रांगेला ऐकू जावं म्हणून ते असे ओरडायचे की गाय दावं तोडायला बघायची. दुर्गेश्वरीने यातलं काहीच कापलं नाही. आणि आबाजींना सांगितलंही नाही!

मंडईच्या आठवड्यात जवळच्या कामठा गावच्या पोरापोरींनी लघुपट महोत्सव भरवला, राईस मिलच्या रिकाम्या गोदामात. पडदा नव्हता. दुर्गेश्वरीने मला धुतलं, शाळेच्या जुन्या पांढऱ्या शर्टाचं ठिगळ लावलं आणि उलटं टांगलं. राजवाडा भिंतीकडे, पाठ लोकांकडे.

उदाराम निघायलाच तयार नव्हते. "लोक माह्यावर हासले तं मी पुन्हा कोणाले तोंड दाखवणार नाही."

"तीस वरसं हासवलं लोकाईले," जमुनाबाई म्हणाल्या. त्या त्यांच्या घरधनीण. "आता काऊन फुगता? टोपी घाला न् चला!"

भर दुपारी शटर खाली ओढलं. अंधार झाला. प्रोजेक्टर लागला आणि त्या उजेडात कोंड्याचे कण पोहायला लागले. मित्रांनो, मी आजवर रंग अंगावर घेतला होता, उजेड कधीच नाही! माझ्या पाठीवर एक चेहरा उमटला. केवढा! मिश्या हातभर लांब. एक भुवई वर, एक खाली. हाच तो चेहरा! तीस वर्षं माझ्याकडे पाठ करून होता, तो आज माझ्याच पाठीवर आला.

"पोरी!" हातात गायीचं दावं आणि बाजूला तिचं नवं वासरू घेऊन चित्रातले उदाराम गरजले. "आपली…" आणि थांबले. उजवा कान तिरपा.

खरे उदाराम उठले आणि शटरकडे चालायला लागले. दुर्गेश्वरीने ओठ चावला.

चित्रात पुन्हा, "पोरी, आपली…" पुन्हा कान तिरपा.

तेवढ्यात मागून नंदाबाई ओरडल्या, "गाय व्याली म्हणा नं, आबाजी!" त्या दवनीवाड्याच्याच, उदारामची सगळी नाटकं पाहिलेल्या.

उदाराम जागीच थांबले.

चित्रात तिसऱ्यांदा कान तिरपा झाला आणि अख्ख्या गोदामाने वाक्य दिलं, "गाय व्याली!" शंभर केशोराव एकदम! आणि शटरजवळून एक आवाज उठला, शेवटच्या रांगेपासून पहिल्या रांगेपर्यंत पोचणारा, "पोरी, आपली गाय व्याली वो!"

इकडे चित्रातले उदाराम मात्र बोलले, "आपला बैल व्याला!" आणि गायीने त्यांना दाव्यासकट ओढत नेलं.

असं हसू मी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. पत्रे थरथरले, मी थरथरलो! उजेड झाल्यावर उदाराम माझ्याजवळ आले आणि त्यांनी ठिगळावर कपाळ टेकवलं. टोपीखालून अजून हसू येत होतं.

आता मला पोत्यांवर टाकत नाहीत. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला दुमडताना आधी उंदरांचा विचार करा. आणि तुमच्या घरातलं कोणी बोलता बोलता अडकलं, तर खुशाल हसा, पण आधी पुढचं वाक्य द्या.