सुरात असलेल्या गिटारचं म्हणणं

"काय कटकट आहे! आज परत बेसूर. ही गिटार कामातून गेलीय," वसंत अगदी माझ्या खुंट्यांपाशी तोंड आणून पुटपुटला.

मित्रांनो, मी एक जुनी विजेची गिटार आहे आणि हे पुटपुटणं गेले दोन महिने ऐकते आहे. म्हातारपणी गुमान बोलणी खावीत म्हणतात. मला ते जमत नाही, म्हणून माझी हकिगत सांगते.

१९७९ साली ठाकूरद्वारच्या एका सुतारानं मला सागाच्या फळीतून कापलं. त्यानं जन्मभर देव्हारेच केलेले. त्यामुळे हाताच्या सवयीनं त्यानं माझ्या कडेलाही कमळाच्या पाकळ्या कोरल्या! माझा मालक जयवंत आधी हसला, मग म्हणाला, "राहू द्या, मिस्त्री." जयवंत परळच्या एका गिरणीत मागावर होता. शेजारच्या मागावर लवू, तो ड्रम वाजवायचा. वसंत माहीमच्या कोळीवाड्यातला, तो गायचा. त्याचा मामा बोटीवर नोकरीला होता, तो परदेशातून रेकॉर्डी आणायचा. त्यातून या तिघांना ब्लूज रॉकचं वेड लागलं. अमेरिकेत कापूस वेचणाऱ्या काळ्या मजुरांच्या गाण्यांतून ब्लूज आलं, त्याला विजेची गिटार जोडली आणि ते ब्लूज रॉक झालं. कापसाचं दुःख कापसावाल्यांना कळायला कितीसा वेळ? इंग्रजी शब्द मात्र कळत नसत. मग जयवंत त्या चालींवर गिरणीचा भोंगा, मुकादम आणि करपलेली भाकरी बसवायचा. चाळीच्या व्यायामशाळेत आम्ही वाजवायला बसलो की पोरं मुद्गल खाली ठेवून ऐकायची. काय कौतुक व्हायचं माझं!

ब्याऐंशीत संप झाला. घरातली भांडीकुंडी गेली, माझा अॅम्प्लिफायर गेला. कमळवाली गिटार कोण घेणार? मी राहिले. संप फसल्यावर लवू परत गिरणीत गेला नाही, तो लालबागच्या बँजो पार्टीत वाजवू लागला. जयवंतच्या घरी दोन मुलं, तो परत कामावर गेला. आणखी चौदा वर्षं तो त्या मागांच्या खडखडाटात उभा राहिला, शेवटी गिरणीच बंद पडली. एवढा काळ मी खिळ्याला लटकलेली. त्याची बायको शेवंती माझ्या मानेला बाजाराच्या पिशव्या अडकवायची. मला राग नव्हता. निदान रोज हात तरी लागत होता.

गिरणी बंद पडून आठ वर्षं झाली आणि एके दिवशी लवू आला. "पन्नाशी आली रे जयवंता. परत एकदा बसूया?" जयवंतनं पिशव्या काढल्या, मला पुसलं, नव्या तारा चढवल्या, भाड्यानं अॅम्प्लिफायर आणला. सव्वीस जानेवारीला चाळीची सत्यनारायणाची पूजा, त्या संध्याकाळी वाजवायचं ठरलं. जयवंत एवढा खूश मी वीस वर्षांत पाहिला नव्हता.

पण सूर लागेना. जयवंत कानानं माझ्या तारा लावायचा आणि बारीक तारा नको तेवढ्या ताणायचा. वसंत लवूकडे बघायचा, लवू छताकडे. शेवंती चहा घेऊन यायची, तीही नेमकी जयवंतच्या समोर उभी राहून बोलायची, पाठीमागून कधीच नाही. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं, आणि आळ मात्र माझ्यावर होता.

पूजेला आठवडा राहिला तेव्हा वसंतनं भाच्याची नवीकोरी गिटार आणली. मी भंगारवाल्याकडे जाणार हे नक्की झालं. मित्रांनो, वस्तू जुनी झाली की तिला खुशाल टाका, पण दुसऱ्याचं दुखणं तिच्या नावावर लावून टाकू नका. आणि घरात कुणी दोनदा "काय?" विचारलं, तर खेकसू नका.

जयवंतनं नव्या गिटारच्या तारा लावल्या. वाजवलं. तेच!

"हीपण फालतू निघाली," जयवंत म्हणाला. "दुकानदारानं फसवलं तुझ्या भाच्याला."

वसंत बुटाची नाडी बांधत बसला. बांधलेलीच होती ती. शेवंतीनं पदर तोंडाला लावला.

लवूनं काठ्या खाली ठेवल्या आणि तो जयवंतच्या पुढ्यात जाऊन उकिडवा बसला. मागांच्या खात्यात एवढा गोंगाट असे की कामगार आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलत. लवू तसंच बोलला. मी भिंतीला टेकून उभी होते. सव्वीस वर्षं या माणसांत काढल्यावर ओठ मलाही वाचता येतात.

"गिटार सुरात आहे, जयवंता. मागानं तुझे कान खाल्ले. तू वाजव, तारा मी लावतो."