मंगलाच्या ताटातली दुसरी सुपारी

मी मंगलाच्या हातातला पितळी अडकित्ता. तसा अबोल, आमच्या जातीला 'कट्' एवढंच येतं. पण आज थोडं सांगतो.

मंगला केळव्यात नवी नवरी होऊन आली, तेव्हा दिनानाथने मला पालघरच्या बाजारातून आणलं. सुपारी वाडीतलीच. दुपारी ओटीवर बसून ती इतकं पातळ खांड कातरायची, की दिनानाथ ते उजेडाला धरून म्हणायचा, "यातून समुद्र दिसतो गं!"

"बघा समुद्र. वाडीतले नारळ रावद्या तसेच झाडावर!"

काय दिवस होते!

मागच्या वर्षी तिच्या मानेत गाठी आल्या. कॅन्सर. मुंबईच्या सुया सुरू झाल्या. केस गेले, चव गेली. मग एकदा मला उचलायला तिने हात पुढे केला आणि माझ्या शेजारची चटईच चिमटली. तिचा डावा डोळा जागचा वळत नव्हता. ती कुणाला बोलली नाही.

अशातच लेकीचं, भाविकाचं, लग्न जमलं. या घरात मुलीची सुपारी आईच फोडते. ती फुटली की सोयरीक पक्की. उमरोळीहून पाहुणे आले. ताटात एकच सुपारी. मंगलाने हात घातला, तो रिकाम्या ताटावर. पुन्हा घातला. पुन्हा ताटच.

"अपशकुन," कुणीतरी पुटपुटलं. भाविका भांडं पडल्यासारखी दचकली. "आई, काय होतंय?"

"दोन दिसतात गं मला. आजार डोक्यात चढला असंल. तुझी सुपारी फुटली की सांगणार होते."

नवऱ्या मुलाची आजी, गोजराबाई, उठली. "सुपाऱ्या दोन चालतील. जावई तर दोन नाय ना दिसत?" तिने मंगलाच्या डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला. "आता किती?"

"एकच."

"मंग फोड. नि उद्या डॉक्टरला सांग. लग्न काय पळून नाय जात."

कट्! इतक्या वर्षांत माझा आवाज मलाच एवढा गोड कधी वाटला नव्हता.

आजार डोक्यात चढला नव्हता. औषधानेच डोळा फिरवणाऱ्या नसा मंदावल्या होत्या. डॉक्टरांनी औषध बदललं. डोळा सावकाश सुधारेल म्हणाले. पूर्ण सुधारेल का, ते मात्र सांगता येत नाही.

आता मी फडताळात पडून असतो. सांधा कुरकुरतो. रोज सकाळी मंगला डाव्या डोळ्यावरची पट्टी काढते, ताटलीत एक सुपारी ठेवते आणि बघत राहते.

"किती?" भाविका विचारते.

"दोनच. पण आज अगदी खेटून बसल्यात."

तेवढं ऐकून भाविका मला बाहेर काढते, बोट कापेल म्हणून लांबूनच धरते आणि सांध्याला तेल घालते. घाल गं बाई, रोज थेंबभर घालत राहा. मी मंगलाच्या हातासाठी थांबतो.