पाटलीणबाईंची चूल आणि गरुडाचं घरटं

माझे सासरे शंकरराव फेब्रुवारीत आमच्याकडे परदेशात, नोव्हाय गावी, आले आणि आठवड्याभरात कंटाळले. रस्त्यावर माणूस दिसत नाही ही मुख्य तक्रार. "हे गाव आहे की कर्फ्यू लागला?" असं मला विचारायचे, जणू कर्फ्यू मीच लावला होता. रवींद्र, म्हणजे त्यांचा मुलगा आणि माझा नवरा, दिवसभर गाड्यांच्या कंपनीत. आमची आन्या शाळेत. उरले मी. मग मी त्यांना गरुड दाखवायला नेलं.

पक्ष्यांचं मला कुणी शिकवलेलं नाही. इथे आले तेव्हा व्हिसा काम करू देत नव्हता आणि खिडकीबाहेर पाखरांशिवाय कुणी फिरकत नव्हतं. बघत बघत शिकले. जवळच्या पार्कात, तळ्याकाठी, एका उंच झाडावर बाल्ड ईगलचं घरटं आहे. नावात टक्कल असलं तरी डोक्यावर पांढरीशुभ्र पिसं भरपूर. घरटं आमच्या डायनिंग टेबलापेक्षा मोठं, आणि दर वर्षी त्यात काटक्यांची भर. मादी अंड्यांवर बसते, नर मासे आणतो आणि अधूनमधून तिला सुट्टी देऊन स्वतः बसतो.

"साहेब ड्यूटीवर आले," बाबा म्हणायचे. गरुडाचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते पोट धरून हसले. एवढा थोरला पक्षी, आणि आवाज बिजागरी कुरकुरल्यासारखा. "याला देशाचा पक्षी केला? आधी आवाज तर ऐकायचा होता!"

पण पुढच्या आठवड्यापासून तेच कानटोपी घालून दारात उभे. पोचलो की घरट्याकडे बघून हात वर करायचे, "जयभीम, बाई." मग मला विचारायचे, "बसूनच राहिली का?"

तिथे डोना असायची. सत्तरीची बाई, पार्काची स्वयंसेवक. पायाशी थर्मास, पुढे तिकाटण्यावर मोठी दुर्बीण. लोकांनी घरट्याच्या फार जवळ जाऊ नये हे बघणं तिचं काम. बाबांना इंग्रजी जेमतेम, तिला मराठी शून्य. मध्ये मी.

आता बाबांची गोष्ट सांगायला हवी. ती आमच्याकडे जेवायला आलेल्या प्रत्येकानं ऐकलेली आहे. ते गडचिरोलीकडे मलेरिया खात्यात होते. त्यांची धाकटी बहीण तापानं गेली होती, म्हणून नोकरी जरा जास्तच जीव लावून केली. खांद्यावर पंप, पंपात डीडीटी, आणि घरातली एकही भिंत सोडायची नाही असा नियम. एका गावात पाटलीणबाई स्वयंपाकघराच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. बाहेरच्या भिंती झाल्या, आता माघारी जा. बौद्धाचं माणूस चुलीपाशी कसं येईल?

"मी म्हटलं, बाई, मी नाही येत. सरकारचा पंप येतो. त्याला एकट्याला चालता येत नाही, म्हणून मी सोबत."

इथे पाहुणे हसतात. बाबा थांबतात, आणि मग शेवटचं वाक्य म्हणतात, "त्या साली त्या गावात तापानं एकही पोर गेलं नाही."

मार्चमध्ये एके दिवशी डोना सहज बोलत होती. ती लहान असताना या तळ्यावर गरुड नव्हतेच. अलास्का सोडला तर सगळ्या देशात चारेकशे जोड्या उरल्या होत्या.

"काहून? शिकार?" बाबांनी विचारलं.

शिकार होतीच, डोना म्हणाली, पण मुख्य म्हणजे डीडीटी.

तेवढं भाषांतर करावं लागलं नाही. पुढचं मी केलं. पिकांवर फवारलेलं पाण्यात गेलं, पाण्यातून माशांत, माशांतून यांच्या पोटात. अंड्यांची टरफलं पातळ झाली. मग बंदी आली, लोकांनी घरटी जपली, आणि आता हजारो जोड्या आहेत. डोना आनंदाची गोष्ट सांगत होती, आणि ती आनंदाचीच आहे. बाबा दुर्बिणीपासून मागे सरकले होते.

गाडीत बसून त्यांनी पट्टा लावला. मग म्हणाले, "आई बसली की फुटायचं अंडं? तिच्याच वजनानं?"

"हो, बाबा."

दुसऱ्या दिवशी त्यांचा गुडघा दुखायला लागला. त्याच्या पुढच्या दिवशीही. हाच गुडघा इंडियन ग्रोसरीत तासभर भेंड्या निवडताना कधी दुखला नव्हता.

रविवारी रवींद्रचे मित्र जेवायला आले. "बाबा, पाटलीणबाईंची गोष्ट होऊ द्या," रवींद्र म्हणाला.

"जुनं झालं ते. भाजी घ्या."

रवींद्रनं माझ्याकडे पाहिलं. पाहुणे गेल्यावर सिंकपाशी विचारलं, "काय झालं यार यांना?" मी सांगितलं. तो इंजिनीअर आहे, लगेच दुरुस्तीला लागला. "बाबा, तुम्ही भिंतींवर मारत होता. इथे विमानानं शेतांवर ओतत होते. क्वांटिटी बघा ना!"

"औषध तेच."

"आजोबा, यू सेव्ह्ड किड्स," आन्या म्हणाली.

"हो बेटा. पण पंप आम्ही नदीतच धुवायचो." ते आपल्या हातांकडे बघत होते. "तिथेही पाखरं होती. कोणती होती, आम्ही पाहिलंच नाही."

आन्यानं त्यांच्यापुढे आइस्क्रीम ठेवलं. त्यांनी खाल्लं. गोष्ट मात्र गेली. आणि ती गोष्ट गेली तर त्या माणसाकडे नोकरीचं उरतं काय, पेन्शन? मी वाद घातला नाही, कारण ते खोटं बोलत नव्हते.

मी एकटी जात राहिले. एप्रिलमध्ये एका सकाळी मादी बसलेली नव्हती. घरट्याच्या काठावर उभी होती, मान आत घालून. डोनाही आलेली नव्हती. माझ्या साध्या दुर्बिणीतून एवढंच दिसलं. घरी आले तर बाबा टीव्हीपुढे.

"आज ती उठून उभी होती," मी चपला काढत म्हटलं.

"उठली?" टीव्ही बंद झाला. "काहून उठली? फुटली तर नसतील अंडी?"

"माहीत नाही, बाबा. आतलं दिसत नाही खालून."

खोटं सांगून धीर देता आला असता. पण त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं आणि मला खरंच माहीत नव्हतं. ते उठले. मग मोजे शोधायला लागले. गुडघ्याचं नावही निघालं नाही.

आम्ही तळ्यावर पोचलो तोवर डोना आली होती. तिनं काही न विचारता दुर्बीण त्यांच्या उंचीला खाली केली. मादी अजून उभीच. बाबांनी हात वर केला नाही, जयभीम म्हटलं नाही, नुसते डोळा लावून उभे राहिले. वारा गार होता. मी त्यांच्या मफलरचं टोक नीट केलं, ते त्यांना कळलंही नाही.

मग नर आला, पायात मासा. मासा टाकला. मादीनं त्याचा लहानसा तुकडा तोडला, मान वाकवली आणि चोच अगदी सावकाश खाली नेली. पुन्हा तुकडा, पुन्हा खाली.

"भरवून राहिली," बाबा म्हणाले. "लतिका, ती कोणाला तरी भरवून राहिली!"

डोनाला मराठी येत नाही, पण ती टाळ्या वाजवत होती. पिल्लू आम्हाला कुणालाच दिसलं नाही.

बाबांनी डोळे पुसले, ते वाऱ्यामुळे असं मला सांगितलं, आणि म्हणाले, "हिला माझी गोष्ट सांग. सगळी सांग."

मी सांगितली. ते मराठीत, मी मागून इंग्रजीत. सरकारचा पंप येतो, या वाक्यावर डोना मोठ्यानं हसली. त्या साली एकही पोर गेलं नाही, यावर तिनं मान डोलावली. मला वाटलं गोष्ट संपली. पण ते थांबले नाहीत. नदी आली, नदीत धुतलेला पंप आला, न पाहिलेली पाखरं आली. तेही मी सांगितलं, काही गाळलं नाही.

डोना खाली वाकली. मग थर्मासच्या झाकणात, ज्यातून ती स्वतः पीत होती त्याच झाकणात, कॉफी ओतली आणि त्यांच्या हातात दिली.

बाबांनी घोट घेतला. "साखर नाही," मला म्हणाले. "हे नको सांगू तिला."

जाताना त्यांनी घरट्याकडे हात वर केला.

ते ऑगस्टमध्ये परत जातील. तोवर रविवारी पाहुणे आले की गोष्ट होते. पाटलीणबाईंच्या चुलीपाशी सगळे हसतात आणि बशी उचलायला लागतात. "बसा," बाबा म्हणतात, "अजून आहे." मग नदी, मग हे तळं, मग ती भरवणारी बाई. मला चहा दुसऱ्यांदा टाकावा लागतो.