बिजागरीकडून उघडलेलं दार

किल्लीवालीचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. बाकावर बसली की उठायची, उठली की भिंतीवरचं घड्याळ बघायची, आणि घड्याळ बघितलं की डोकं फिरायचं. साडेचार वाजलेले. कचेरी साडेपाचला बंद. आणि उद्या सकाळी नऊला अतिक्रमणवाल्यांची गाडी येऊन तिची टपरी उचलणार. आज सकाळीच ते पत्र्यावर खडूने फुली मारून गेले होते, तोडायच्या झाडावर मारतात तशी. परवाना दाखवला तर फुली पुसू, नाहीतर टपरी गाडीत, एवढं बोलले आणि पुढच्या टपरीकडे गेले.

आता तिचा कुलूप-किल्लीच्या धंद्याचा परवाना तयार नसता तर गोष्ट वेगळी. तो तयार होता! सही झालेली, शिक्का बसलेला, समोरच्या दप्तरखान्यात तिसऱ्या कपाटात पडलेला. हे तिला कारकुनानेच सांगितलं, आणि तेही छाती फुगवून, जसा काही त्यानेच तो अंड्यातून उबवून काढला होता. कानावर कायम पेन्सिल, म्हणून त्याला सगळे पेन्सिलवाला म्हणायचे. त्या पेन्सिलीने त्याला लिहिताना कोणी बघितलं नव्हतं.

"मग द्या की, दादा!"

"किल्ली हरवलीय ना दप्तरखान्याची. सोमवारपासून."

साध्या माणसाची किल्ली हरवली तर तो किल्लीवाल्याला बोलावतो. इथल्या साहेबांनी मीटिंग बोलावली. मीटिंगमध्ये कोणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं, की किल्ली ज्याला सापडेल तो आत घुसला तर? झालं. कुलपाला कापड गुंडाळलं, वर लाखेचं सील ठोकलं. म्हणजे आता किल्ली सापडली तरी पंचाईत.

"अहो, मी किल्लीवालीच आहे," ती म्हणाली. "वीस वर्षं हेच करते. दोन मिनिटांत उघडते, फुकटात उघडते."

पेन्सिलवाल्याने चष्म्यावरून बघितलं. "परवाना आहे?"

"काय?"

"सरकारी कुलपाला फक्त परवानाधारक कारागीर हात लावू शकतो. दाखवा."

"तो आत आहे!"

"मग तुम्ही परवानाधारक नाही."

"आत्ताच म्हणालात ना, सही झालीय?"

"झालीय. पण तुमच्या हातात आहे का? नाही."

तिला वाटलं, त्याच्या कानावरची पेन्सिल काढावी आणि नाकात घालावी. "मग दुसरा कोणी परवानावाला बोलवा!"

"पत्र पाठवलंय वर. उत्तर यायला आठ दिवस, पंधरा दिवस. वरचं काय आपल्या हातात असतं, ताई?"

बाकावर आणखी सात-आठ जण होते. सगळ्यांचे कागद त्याच खोलीत. तिच्या शेजारी एक म्हातारे मास्तर, पेन्शनच्या कागदासाठी चौथ्यांदा आलेले. पलीकडे एक पोटुशी पोरगी, नोकरीचा दाखला हवा होता तिला. दिवस भरत आलेले, ना धड बसता येत होतं ना उभं राहता. कोणी काही बोलत नव्हतं. त्यांच्या त्या गप्प बसण्याचाच किल्लीवालीला जास्त राग येत होता.

फोन वाजला. टपरीवर राखणीला बसलेली सासू. "मिळाला का गं कागद?"

"नाही अजून, आई."

"नाही म्हणजे? घरात माझ्यावर एवढी खेकसतेस, तिथे काय मिठाची गुळणी धरून बसलीस?"

"ठेवा फोन!" ती खेकसली. तिकडून सासू म्हणाली, "हां, असं बोल त्यांच्याशी," आणि फोन ठेवला.

ती दप्तरखान्याच्या दारापुढे जाऊन उभी राहिली. सकाळपासून तिची नजर त्या लाल लाखेवर चिकटली होती. किल्लीवाल्यांची खोडच ती, दार म्हटलं की कुलूप बघायचं. आता रागारागाने तिने पूर्ण दार बघितलं, वरपासून खालपर्यंत. दार बाहेर उघडणारं होतं. तिन्ही बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला, अगदी तिच्या नाकासमोर.

"दादा, कुलपाला हात लावायचा नाही ना?"

"नाही."

"सीलला?"

"छे छे, अजिबात नाही."

"आणि दाराला?"

पेन्सिलवाल्याने नियमांचं पुस्तक काढलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली, परत उलटली. "दाराबद्दल काही लिहिलेलं दिसत नाही," तो जपून म्हणाला.

तिने पिशवीतून हातोडी आणि पेचकस काढला. ठक. खालच्या बिजागरीतली सळई वर आली. ठक, ठक. मधली. वरच्यासाठी स्टुलावर चढली. आवाज ऐकून साहेब केबिनमधून धावत आले. "काय चाललंय हे?"

"साहेब, कुलूप सुरक्षित आहे," पेन्सिलवाला घाईने म्हणाला.

साहेबांनी वाकून लाख बघितली. "सील शाबूत?"

"शाबूत."

"मग ठीक आहे."

वरची सळईही निघाली, आणि दार बिजागरीकडून हातभर उघडलं. कुलूप तिकडे ऐटीत लटकतंय, आणि पेन्सिलवाला इकडून पोट आत घेऊन, आडवा होऊन घुसतोय. पाच मिनिटांत परवाना तिच्या हातात. तिने सही केली. पाच वाजून पाच.

"बसवा आता दार," साहेब म्हणाले.

"आणि यांचे कागद?"

"त्यांचं रीतसर होईल. कुलूप उघडल्यावर."

"अहो, दार उघडं आहे!"

"बिजागरीकडून उघडं आहे. कागद कुलपाकडून द्यायचे असतात."

"माझा कसा दिला मग?"

"तुमचा परवाना कुलूप उघडायला लागणार होता. तातडीची बाब."

"मग आता आहे माझ्याकडे परवाना. उघडू कुलूप?"

"आता सील तोडायची मंजुरी लागेल. वरून."

टपरी वाचली होती. तिला जायला काही हरकत नव्हती. पाऊल जिन्याकडे वळलंसुद्धा. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं नाही, खाली फरशीकडे बघत आपली पिशवी आवरायला घेतली. एक शब्द बोलले असते तर ती चिडून निघून गेली असती. बोललेच नाहीत, च्यायला!

तिने तिन्ही सळया खिशात टाकल्या आणि दप्तरखान्याच्या उंबऱ्यावर बसली.

"दार बसवा, बाई," साहेबांचा आवाज चढला.

"बसवते. आधी मास्तरांचं काढा. मग त्या पोरीचं. मग बाकीच्यांचं."

"तुमचा परवाना मी आत्ता रद्द करू शकतो!"

तिने हातातला परवाना पाठीमागे धरला. तोंड मात्र ऐकेना. "करा. कशात लिहून करणार?"

साहेबांनी पेन्सिलवाल्याकडे बघितलं. तो खाकरला. "रद्दचं रजिस्टर आतच आहे, साहेब."

"मग आण जा!"

"त्याला माझ्या अंगावरून जावं लागेल," ती म्हणाली. "जाऊ देते. पण येताना मास्तरांचा कागद पण आणायचा."

बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. साहेब केबिनकडे गेले, अर्ध्यातून परत आले, घड्याळ बघितलं, पेन्सिलवाल्याकडे बघून नुसता हात झटकला. हो की नाही, काही कळेना.

"मास्तर," ती ओरडली, "नाव सांगा तुमचं, मोठ्याने सांगा! आणि दादा, लवकर, पाच वाजून दहा झालेत!"

मास्तर उभे राहिले. पेन्सिलवाल्याने पोट आत घेतलं. तिचा पाय उंबऱ्यावर थडथड उडत होता, आणि खिशातल्या सळया ती बोटांनी मोजत होती. तीन. परत तीन.