सोळा हातांचा मी, सहा हातांचा तो

१७ मे २०१८. यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीत सकाळी आठलाच पत्रे तापले होते. आभाळ कोरडं, वारा गरम, लिंबाची पानंसुद्धा मरगळलेली. त्या दिवशी रहमतनं मला खोक्यातून बाहेर काढलं, म्हणून तिथूनच सांगायला सुरुवात करतो.

मी एक प्रोसेसर आहे. सर्व्हर म्हणतात त्या मोठ्या संगणकात मी बसतो आणि त्याची सगळी आकडेमोड करतो. आकारानं तुमच्या तळहाताहून लहान. वर धातूचं चकचकीत झाकण, खाली सोनेरी ठिपक्यांच्या ओळी. माझ्यात सोळा कोअर आहेत. कोअर म्हणजे काम करणारा हात समजा. सोळा हातांनी मी एकाच वेळी सोळा कामं उचलू शकतो.

माझी पहिली नोकरी एका मोठ्या शहरातल्या कचेरीत. तिथं बाराही महिने गार खोली, आणि माझ्यासारखे कितीतरी जण रांगेनं बसलेले. हजारो माणसांच्या रजा आणि पगार आम्ही मोजले, पण त्यांतला एकही माणूस आम्हाला बघायला आला नाही. काही वर्षांनी आमच्याहून नवे आले आणि आम्हाला काढलं. मी बिघडलो नव्हतो, फक्त जुना झालो होतो. माणसांच्या हिशेबात या दोन्हींत फारसा फरक नसतो.

तिथून मी नागपूरच्या एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडं आलो. त्याच्याकडूनच रहमतनं मला आणलं, वापरून बघण्याच्या बोलीवर. माझ्यासोबत त्यानं आणखी एक प्रोसेसर आणला होता. तो कोरा करकरीत, सहाच हातांचा, पण प्रत्येक हात माझ्या हातापेक्षा चपळ. आम्हा दोघांच्या खाचा वेगळ्या, म्हणून दोघांसाठी दोन वेगळे बोर्ड.

रहमतचं दुकान बाजाराला लागून आहे. वडील ट्रकचे मेकॅनिक, त्यामुळं स्क्रू पिळायचा हात त्याला घरातूनच मिळाला. पंखा, मिक्सर, मोबाइल, संगणक, जे येईल ते तो खोलून बघतो. दुकानामागच्या खोलीत इंदुताईंचा फवारणीचा फोन चालायचा. इंदुताई म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. आदल्या वर्षी कपाशीवर फवारताना विष अंगात जाऊन माणसं आडवी पडू लागली, तेव्हा त्यांनी चार लोक गोळा करून ही सोय केली होती. आपल्याजवळ कोणत्या बाटल्या आहेत ते फोनची बटणं दाबून सांगायचं. मग कोणतं औषध कशात मिसळायचं नाही, किती घ्यायचं, तोंडाला काय बांधायचं, हे आधी ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजात ऐकू यायचं. मराठीचा नंबर वेगळा, बंजारा तांड्यांसाठी त्यांच्या गोरमाटी बोलीचा वेगळा.

अडचण एकच होती. फोन एकेक करून येत नसत. वारा असला की फवारा तोंडावर उडतो, म्हणून सगळे वारा पडायची वाट बघतात. सकाळी वारा पडला रे पडला की सगळ्या शिवारांतून एकदम फोन. इंदुताईंच्या जुन्या यंत्राला तेवढा दम नव्हता. फोन अडकायचे.

अडकलेल्यांत त्यांचा धाकटा भाऊ डोमाजी होता. तो पाठीवर पंप घेऊन दुसऱ्यांच्या शेतात रोजानं फवारतो. गेल्या हंगामात एका सकाळी त्यानं फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला, लागला नाही. मालक ओरडायला लागला, तसं त्यानं दोन्ही बाटल्या एकाच पंपात ओतल्या. दुपारी त्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. वाचला. पण दिवेलागणीला अजूनही त्याला समोरचा माणूस धूसर दिसतो. आणि यंदाही तो फवारायला जाणारच होता, कारण दुसरं काम नव्हतं.

म्हणून इंदुताईंनी रहमतला सांगितलं होतं, 'रहमतभाऊ, मले कोणता चांगला ते सांगू नका. वारा पडल्यावर कोणता टिकते ते दाखवा.'

रहमतनं बाजाराच्या दिवशी परीक्षा ठेवली. आधी मी, मग तो. तांड्यावरून लालीबाई बाया घेऊन आली. गोरमाटीतला आवाज तिचाच. जितक्या बाया तिनं आणल्या तितकीच मराठी बोलणारी माणसं इंदुताईंनी बाजारातून उभी केली. यंत्राची ताकद दोन्ही नंबरांना निम्मी निम्मी. रसवंतीवाल्याला सांगून ठेवलं होतं, रहमतनं हात केला की चरक सुरू कर. घुंगरं वाजली की सगळ्यांनी एकदम फोन लावायचा.

घुंगरं वाजली.

काय सांगू! कचेरीत कागद मोजण्यात आयुष्य गेलेलं माझं, आता एकदम माणसांचे श्वास कानांत आले. कुणी 'हॅलो, हॅलो' ओरडत होतं. एका म्हाताऱ्यानं ध्वनिमुद्रित आवाजालाच दरडावलं, 'आधी तू कोनाची कोन ते सांग!' एक बाई मागच्या भाजीवाल्याशी भाव करत करत बटणं दाबत होती. मी सोळाही हात लावले. गोरमाटीचे फोन सरसर आले आणि सरसर गेले. मराठीचे मात्र तुंबले. नव्या माणसाला आत घ्यायला जागाच होईना.

मग मला उतरवून त्याला लावलं. त्याचंही तसंच झालं, फक्त माझ्याहून लवकर. गोरमाटी मोकळी, मराठी ठप्प.

रहमतनं कपाळावरचा घाम पुसला. 'ये क्या माजरा है? दोघंबी एकाच जागी बसले.' त्यानं तार बदलली. मराठीचे हात गोरमाटीला दिले, गोरमाटीचे मराठीला. पुन्हा घुंगरं, पुन्हा तेच. बाजारातली माणसं कंटाळली. एकजण म्हणाला, 'रहमत, तुह्यं मशीन तांड्यावरचं दिसून राह्यलं बे. मराठी येत नाही त्याले.'

लालीबाई रसाचा पेला हातात घेऊन आत आली.

'मशीनले काही झालं नाही,' ती म्हणाली. 'तुमची बाई लई बोलते.'

'कोणती बाई?' रहमतनं विचारलं.

'ही.' तिनं इंदुताईंकडं बोट केलं. 'फोनातली. माह्या बाया फोन ठेवून रस पिऊन राह्यल्या. तुमची माणसं अजून कानाले लावून उभी. काय सांगते एवढं?'

रहमतनं आपल्या मोबाइलवरून मराठीचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला. खोलीत इंदुताईंचा स्वच्छ, सावकाश आवाज घुमू लागला. शेतकरी बंधुभगिनींना नमस्कार. मग उद्घाटनाला लाभलेले अध्यक्ष. प्रमुख पाहुणे. सरपंच, उपसरपंच, माजी सरपंच. मंडप कुणाचा, सतरंज्या कुणाच्या, हार कुणी आणले. संगणक सहकार्य श्री. रहमत. पाण्याची व्यवस्था श्री. डोमाजी. आणि ज्यांची नावं नजरचुकीनं राहिली असतील त्यांची क्षमा मागून, आता वळूया फवारणीकडे.

'तुह्या आवाजात हे नाही?' इंदुताईंनी विचारलं.

'आमच्या तांड्यावरचं कोनीच नव्हतं त्या कार्यक्रमाले,' लालीबाई म्हणाली. 'कोनाचं नाव घेऊ? मी सरळ औषधावर आली.'

इंदुताई खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, 'म्हणजे डोमाजी तिकडे फोन लावत होता, अन् लोकं इकडे सतरंज्या ऐकत होते.'

रहमत स्क्रूचा पेचकस उगाच हातात फिरवत राहिला.

मला माणसांच्या या सवयीचा राग येत नाही. कार्यक्रमात एखाद्याचं नाव राहिलं तर तो वर्षभर रुसतो, हे इंदुताईंना ठाऊक होतं. कुणाला दुखवायचं नाही म्हणून त्यांनी ती यादी जपून वाचली होती. फक्त तो कार्यक्रम एकदाच झाला होता, आणि यादी मात्र प्रत्येक फोनला नव्यानं वाचली जात होती.

'माझं नाव पहिलं उडवा,' रहमत म्हणाला. 'माझ्या घरी तसंबी कोणी ऐकत नाही.'

नावं काढायचं ठरलं तशी बातमी डोमाजीपर्यंत गेली आणि संध्याकाळी तो आला. दाराशीच उभा राहिला. हंगाम असो नसो, तो रोज एकदा मराठीचा नंबर लावायचा, पाण्याच्या व्यवस्थेपर्यंत ऐकायचा आणि ठेवून द्यायचा, हे तेव्हा मला कळलं.

'बाई,' तो बहिणीला म्हणाला, 'साऱ्यांचं काढ. माह्यं राहू दे.'

'तुह्यंच काहून?'

'एवढुसं तं नाव हाये. कितीसा वेळ लागते त्याले?'

'सरपंचबी हेच म्हणतीन.'

'सरपंचाले सारेच सायेब म्हणतात,' डोमाजी म्हणाला. 'मले श्री म्हणणारं हे एकच ठिकाण हाये, बाई.'

इंदुताईंनी आवाज नेहमीसारखाच कडक ठेवला. 'मी म्हणीन. रोज म्हणीन. या श्री डोमाजी, जेवायले बसा, म्हणीन. पन तू घरी येजो.'

डोमाजी हसला, मग त्यानं तोंड फिरवलं. 'भाजीत मीठ नीट टाकजो मंग. श्रीले अळणी चालत नाही.'

दुसऱ्या दिवशी पंखा बंद करून इंदुताईंनी नवा आवाज भरला. नमस्कारसुद्धा काढला. फोन उचलला की पहिलं वाक्य, तुमच्याजवळ कोणती बाटली आहे. अध्यक्षांचा फोन आला, 'आमचं नाव ऐकू येत नाही.' रहमत म्हणाला, 'साहेब, सगळेच गेले. तुम्ही एकटे नाही.'

पुढच्या बाजाराला घुंगरं पुन्हा वाजली. मराठीही सुटली, गोरमाटीही सुटली. माझ्यावर सुटली, त्याच्यावरही सुटली. माझे निम्मे हात तर रिकामेच बसून होते.

आता दोघांतून एक निवडायचा होता. रहमतनं शेवटची परीक्षा घेतली. ढाणकीत वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा दोघांना आळीपाळीनं इन्व्हर्टरवर चालवलं. मी गार खोलीत वाढलेला, मला वीज फार लागते आणि पंखाही मोठा लागतो. माझ्या वेळी इन्व्हर्टर लवकर रडायला लागला. त्याच्या वेळी दुप्पट टिकला.

'बघा ताई,' रहमत समजावू लागला. 'हा सोळावाला स्वस्त हाय, ताकदवान हाय. नावं राहिली असती तर मी यालाच लावला असता. पण याच्या खाचेत याच्यापुढं काहीच बसत नाही. हा त्या घराण्यातला शेवटचा. तो सहावाला महाग हाय, पण त्याच्या खाचेत उद्या आठवाला बसेल, त्याच्याहून मोठाबी बसेल. बोर्ड बदलायचं काम नाही. पुढच्या साली फवारणीसोबत बोंडअळीचं सांगायचं म्हणता ना? मग हाच घ्या.'

'अन् हा?' इंदुताईंनी माझ्याकडं बघितलं.

'याला हंगामभर बाजूला तयार ठेवू. व्यापाऱ्याशी बोललो मी, दिवाळीनंतर परत दिला तरी चालते. तो अडला तर याला सुरू करायचं.'

असा मी हरलो. खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी लागलं मनाला. सोळा हात असून सहा हातांच्या पोरासमोर बाजूला बसायचं. पण विचार केला तेव्हा कळलं, मी त्याच्यापुढं हरलो नव्हतो. काम हलकं झालं आणि माझी गरज संपली. अशी हार मला आधी कुणी दिली नव्हती, आणि ती मला चालली.

आता मी त्याच खोलीत, त्याच्या शेजारच्या पेटीत बंद आहे. लालीबाई आली की माझ्या पेटीवर पिशवी ठेवते. दिवाळीनंतर एसटीनं मी नागपूरला जाईन. पुढं कुणी घेईल, की भंगारात आम्लात बुडवून माझं सोनं काढतील, मला माहीत नाही. तुमच्याकडं माझं एवढंच मागणं आहे. आमच्यासारख्या दोघांना समोरासमोर ठेवून मोठा कोण, धाकटा कोण, असं विचारायला निघालात, तर त्याआधी आमच्या पाठीवर काय लादलंय तेवढं एकदा उतरवून बघा. आणि मला विसरलात तरी चालेल. शेजारच्या पेटीत बसलेल्याला हाक आली नाही, की समजावं सगळं ठीक चाललंय.

६ ऑगस्ट २०१८. रात्री पाऊस, पहाटे उघडीप, सकाळी सातला वारा पूर्ण पडला. सव्वासातला वीज गेली, नऊनंतर आली. यंत्र इन्व्हर्टरवर चालू राहिलं. दोन्ही नंबरांवर आलेले सगळे फोन उचलले गेले. मराठीच्या फोनांत एक डोमाजीचा होता. त्याच्याजवळ दोन बाटल्या होत्या. त्यानं एकच वापरली. मला सुरू करावं लागलं नाही.