डाव्या बुटाची कुरकुर

उजव्याला काही विचारू नका. तो बोलणार नाही, जन्मापासूनच घुम्या आहे. जे काय सांगायचं ते मीच सांगतो, मी म्हणजे डावा. डोंगर चढायचा जाड तळाचा बूट आहे मी, घोट्याच्या वरपर्यंत येतो, आणि मला जीभ दिली आहे ती काही नुसती नाडीखाली दडपून ठेवायला नाही.

माझा जन्म कारखान्यातला. आजूबाजूला एवढी यंत्रं की आपली आई कोणती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या आत तळवा चिकटवताना तिथल्या माणसाला सपाटून शिंक आली आणि गोंद जरा कमी पडला. एवढीशी गोष्ट, पण जन्माची खोड लागली. पाऊल टेकलं की मी 'कुर्र' करतो आणि उचललं की 'कुर'. उजवा काहीच करत नाही. त्याच्या वेळेला कोणाला शिंक आली नाही, त्याला मी काय करू!

मग खोकं, खोक्यात कागद, आणि कागदात आम्ही दोघं एकाच्या डोक्याशी दुसऱ्याची टाच करून. दुकानाच्या फळीवर किती काळ काढला कोण जाणे. एके दिवशी झाकण उघडलं आणि वरून एक दमलेला चेहरा आत डोकावला. त्या आमच्या बाई.

"मला अशा ठिकाणी चालत जायचंय," बाई दुकानदाराला म्हणाल्या, "जिथे कोणी म्हणजे कोणी आवाज करत नाही. तसे बूट दाखवा."

दुकानदाराने आम्हाला पुढे केलं. दुकानात मोठ्याने गाणी लावलेली होती, म्हणून माझी खोड तिथे उघडी पडली नाही. घरी आल्यावर बाईंनी आम्हाला घालून स्वयंपाकघर ते बाल्कनी अशी फेरी मारली. कुर्र, कुर. कुर्र, कुर. बाई मधेच थांबल्या आणि खाली माझ्याकडे बघायला लागल्या. मी जीभ नाडीखाली दडवली.

"नव्या बुटाचं असंच असतं गं," त्यांचे यजमान म्हणाले. "चार दिवस वापर, गप्प बसेल."

"तुमच्या आईही हेच म्हणाल्या होत्या," बाई म्हणाल्या. "लग्न झालं की गप्प बसेल म्हणून."

आता हे यजमान कोण ते सांगायला हवं. समारंभांना मायक्रोफोन आणि स्पीकर भाड्याने द्यायचा त्यांचा धंदा. सगळा गाव त्यांना स्पीकरराव म्हणतो. माणूस लाखात एक, पण आवाज असा की साखरेचा डबा मागितला तरी शेजारच्या घरातून कोणीतरी घेऊन यावा. शिवाय कुठलंही वाक्य सुरू करायच्या आधी 'चेक, चेक' म्हणायची सवय. सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच.

आणि बाई दातांच्या डॉक्टर. दिवसभर कानाशी ते दात कोरायचं यंत्र घर्रर्र करतंय, थुंकी ओढणारी नळी सुर्रर्र करतेय, खुर्चीतलं माणूस ओरडतंय आणि बाहेर बाकावर बसलेलं माणूस ते ऐकून आधीच रडतंय. तिथून सुटून घरी यावं तर दारातच 'चेक, चेक, आलीस का?' बाईंनी आयुष्यात कधी दागिना मागितला नाही. त्यांना फक्त थोडे दिवस शांतता हवी होती, आणि ती हिमालयात मिळते असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

स्पीकररावांनी बायकोची इच्छा ऐकली आणि कामाला लागले. मन लावून लागले हो, खोटं नाही बोलणार. गर्दीच्या प्रसिद्ध वाटा त्यांनी बाजूला काढल्या. चौकशा करून करून एक आडबाजूची वाट शोधली. पाचसहा दिवसांची, फार अवघड नाही, फार सोपी नाही. रोज पाचेक तास चाल, मधे एक दिवस विरळ हवेची सवय व्हावी म्हणून नुसता मुक्काम, आणि शेवटी एक खिंड. पाऊस संपल्यावर आणि थंडी वाढायच्या आधी जायचं. तिथल्या वाटाड्याला फोन लावला तेव्हा तो बिचारा म्हणाला, इकडे फारसं कोणी येतच नाही, तुम्हाला नक्की इकडेच यायचंय ना?

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "कोणी येत नाही," त्या दोनदा म्हणाल्या.

तयारी सुरू झाली. बूट पायाला बसायला हवेत म्हणून बाई आम्हाला दवाखान्यातही घालू लागल्या. वर पांढरा कोट, खाली आम्ही. खुर्चीत आडवी झालेली माणसं आमच्याकडे बघून आपणहून आ वासत. सगळ्यांना विचारायचं असायचं की हे काय, पण तोंडात आरसा. नुसतं 'आँ? आँ?' व्हायचं. मी आपला टेबलाभोवती कुर्र, कुर. शेवटी बाईंनी माझा आतला तळवा उचलला आणि खाली अंगाला लावायची पावडर भुरभुरवली. मी गप्प झालो. वर सुगंधही सुटला. उजवा जळून खाक झाला असणार, पण बोलेल तर शपथ.

ओझ्याची सवय व्हावी म्हणून लोक सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरतात. स्पीकररावांनी बाईंच्या सॅकमध्ये गोदामातल्या फुटक्या स्पीकरची लोहचुंबकं भरली. "जड आहेत, लहान आहेत आणि घरचीच आहेत," असं त्यांचं म्हणणं. पहिल्याच दिवशी बाईंनी ती सॅक दवाखान्यात हत्यारांच्या ट्रेजवळ टेकवली आणि सगळे चिमटे, टोचण्या खण खण करून जाऊन चिकटले. खुर्चीतला माणूस तोंडातल्या कापसासकट बाहेर पळाला.

एवढं सगळं ठीक होतं. घोळ पुढेच झाला. स्पीकररावांच्या पोटात काही राहत नाही. वाट शांत आहे, कोणाला माहीत नाही, हेच सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना. आधी त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीला सांगितलं. "ताई, कोणाला बोलू नकोस, पण आम्ही अशा वाटेला चाललोय जिथे चिटपाखरू नसतं." मग वरच्या मजल्यावरच्या काकांना सांगितलं, अगदी कानात. त्यांचं कानात बोलणं खाली रस्त्यावर ऐकू येतं. मग केस कापून घेता घेता कारागिराला, आणि दुकानात रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना एकदमच. 'कोणाला बोलू नका' हे मात्र प्रत्येकाला आठवणीने सांगितलं.

व्हायचं तेच झालं. ताई म्हणाल्या, "मीही येते, मला चिटपाखरू नसलेलं फार आवडतं." काका मेहुण्यांना घेऊन येणार होते. कारागीर सहकुटुंब. एका संध्याकाळी बैठक भरली तेव्हा मी दाराशी बसून समोरच्या चपला मोजायला लागलो आणि मधेच नाद सोडला. स्पीकरराव उभे राहिले. "चेक, चेक. आपण सगळे शांततेसाठी चाललो आहोत." टाळ्या पडल्या. बाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मला खालून दिसला. नको ते बघणं.

सरावाला म्हणून ही सगळी वरात गावाबाहेरच्या टेकडीवर निघाली. स्पीकररावांनी गळ्यात होकायंत्र अडकवलं होतं. "तिकडे फाट्यावर पाट्या नाहीत, दिशेवर चालायला शिकलं पाहिजे," असं म्हणून ते बाईंच्या खांद्याला खांदा लावून पुढे झाले. उत्तरेला जायचं ठरलं. काटा बाईंच्या सॅककडे, आत चुंबकं तशीच होती ना. बाई डावीकडे सरकल्या, काटाही डावीकडे सरकला. बाई नाडी बांधायला मागे वळून बसल्या, तर स्पीकररावांनी अख्ख्या जथ्याला 'मागे फिरा' असा हुकूम दिला. बाई जातील तिकडे उत्तर! आम्ही त्याच एका काटेरी झुडपाला पुन्हा पुन्हा भेटलो. ताईंची साडी दर वेळी त्यातच अडकायची आणि त्या दर वेळी तेवढ्याच जोरात किंचाळायच्या.

शेवटी बाई एका दगडावर बसल्या आणि त्यांनी आम्हा दोघांना काढून बाजूला ठेवलं.

"काय झालं गं? पाय दुखतो?"

"कान दुखतात," बाई म्हणाल्या. "अहो, मला कुठेच जायचं नाही. रद्द करा सगळं. मला शांतता हवी होती, तुम्ही तिचाही समारंभ केलात."

स्पीकरराव चेक म्हणाले नाहीत. त्यांनी गळ्यातलं होकायंत्र काढून खिशात घातलं. बाईंचे डोळे भरून आले होते आणि त्या लपवत नव्हत्या. मला फार वाईट वाटलं. त्यात माझ्यातली पावडरही संपत आली होती.

पण 'येऊ नका' असं कोणाला तोंडावर सांगणं त्या दोघांच्या रक्तातच नाही. शेवटची बैठक ठरली होती ती झालीच. बाई कर्तव्य म्हणून उभ्या राहिल्या. मनाने त्यांनी जाणं सोडून दिलं होतं, पण डॉक्टर त्या डॉक्टर. "थंडीत आणि विरळ हवेत किडकी दाढ ठणकायला लागली तर वेड लागायची पाळी येते," त्या म्हणाल्या. "तिथे जवळपास दवाखाना नाही. तेव्हा निघायच्या आधी प्रत्येकाने माझ्या खुर्चीत बसायचं. मी सगळ्यांचे दात तपासणार. जे किडके असतील ते कोरून भरणार, जे गेलेले असतील ते काढणार."

त्या घरात मी पहिल्यांदाच शांतता ऐकली. सगळ्यांची दातखिळी बसली होती.

मग काकांना एकदम आठवलं की मेहुण्यांच्या घरी रंगकाम निघालंय. ताईंचा गुडघा, जो टेकडीवर ठणठणीत होता, तो बसल्या जागी दुखू लागला. कारागीर म्हणाला, एवढे दिवस दुकान बंद ठेवणं बरं नाही. सगळे बोलत मात्र होते ते तोंडावर हात ठेवून. चहा संपायच्या आत दाराशी चपला उरल्या नाहीत. बाई अवाक होऊन बघत राहिल्या. त्यांनी काही डाव टाकला नव्हता हो, अगदी मनापासून सांगितलं होतं!

राहिले एकटे स्पीकरराव. तेही भिंतीकडे तोंड करून उभे होते. आता गंमत बघा. दातांच्या डॉक्टरचा नवरा, पण लग्न झाल्यापासून त्या खुर्चीत कधी बसला नव्हता. दवाखान्यात आले तरी दारातूनच हाक मारून पळायचे.

दुसऱ्या दिवशी ते सरळ आत आले आणि खुर्चीत आडवे झाले. मी बाईंच्या पायात होतो, सगळं जवळून बघितलं. बाईंनी आरसा आत घातला आणि त्यांचा हात थांबला.

"ही डावीकडची दाढ! अहो, ही किती वर्षांपासून अशी आहे?"

"आँ," स्पीकरराव म्हणाले.

"म्हणून तुम्ही नेहमी उजवीकडून चावता? आणि मला सांगितलं नाहीत?"

त्यांनी मान हलवली. साऱ्या गावाला सगळं सांगणाऱ्या त्या माणसाच्या पोटात आयुष्यभरात एकच गोष्ट राहिली होती, आणि ती म्हणजे त्यांची दाढ.

बाईंनी आरसा बाहेर काढला. "मग आज कसे आलात?"

"तू शेवटी एकटीच जाशील असं वाटलं," ते हळूच म्हणाले. खरोखर हळू. "मला यायचंय. तिथे बोलणार नाही मी. दाढ काढ हवी तर."

बाईंनी भूल देऊन दाढ काढली. कापूस दाबला आणि मग स्पीकरराव बाईंचा हात धरून पडून राहिले. बाई दुसऱ्या हाताने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसत होत्या. मीही कुरकुरलो नाही. काही वेळा कळतं आपल्यालाही.

आणि आम्ही गेलो! पुढे वाटाडा, मधे बाई, मागे स्पीकरराव. चुंबकं घरी. वाटेत खरंच कोणी नव्हतं. स्पीकररावांनी शब्द पाळला. पहिल्या चढाने त्यांचा श्वासच पळवला ते सोडा, पण सपाटीवरही पाळला. काही सुंदर दिसलं की नुसतं बोट दाखवायचे आणि ओठ गच्च मिटून घ्यायचे. चेहरा लालबुंद.

मीही शब्द दिला होता, मनातल्या मनात. पण खिंडीच्या आधी एक ओढा लागला, पाणी आत शिरलं आणि निघताना नव्याने घातलेली पावडर वाहून गेली. शेवटचा चढ मी कसा काढला ते मलाच माहीत. जीभ आवळून धरली होती.

वर पोचलो. समोर बर्फाची शिखरं, वारा पडलेला. आवाज नाही, काही नाही. बाई उभ्या राहिल्या. किती वेळ ते सांगता यायचं नाही. मग त्या मागे वळल्या.

"बोला आता," त्या म्हणाल्या. "किती दिवस दाबून ठेवलंय. बोला."

स्पीकररावांनी तोंड उघडलं. समोर बघितलं. बाईंकडे बघितलं. तोंड मिटलं.

"आठवत नाही काही," ते म्हणाले आणि हसले. दाढेच्या जागची फट दिसली.

बाई त्यांच्याकडे जायला निघाल्या, पाऊल टेकलं आणि माझा धीर सुटला. कुर्रर्र! त्या एवढ्या शांततेत असा घुमलो म्हणून सांगू! वाटाडा दचकला. मला वाटलं आता तळवा फाटून मी इथेच मरावं.

बाई एवढ्या हसल्या की खाली बसल्या. स्पीकररावही बसले. मग त्या मुद्दाम पाय हलवून मला कुरकुरवत राहिल्या आणि हसत राहिल्या.

आता मी दाराशी असतो. टाच झिजली आहे, नाडीची टोकं सुटली आहेत, एका बाजूला तिथला चिखल अजून आहे आणि तो कोणी पुसू देत नाही. रविवारी बाई आम्हाला घालून टेकडीवर जातात. परवा स्पीकरराव पावडरचा डबा घेऊन माझ्यासमोर वाकले. "चेक, चेक. टाकू का गं याच्यात थोडी?"

"नको," बाई आतून म्हणाल्या. "बोलू दे त्याला. तुम्हीही बोला."

तेव्हा तुम्हाला एकच विनवणी आहे. पायातला बूट कुरकुरला तर लगेच फेकून देऊ नका, आधी त्याला कुठेतरी लांब फिरवून आणा. आणि जाता जाता उजव्यालाही काहीतरी विचारून बघा. अलीकडे उतारावर तो हळूच 'कुर' करतो. मी ऐकलंय.